दोनशे अठ्ठ्याऐंशी पानांची चिरफाड

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या दुकानात बाइंडरकाकांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. उसवलेलं, पानं सुटलेलं, कसलंही पुस्तक आणा, काका ते चार दिवसांत धडधाकट करून परत देत. चांगल्या पुस्तकाला सुरी लावायची म्हटलं की मात्र त्यांच्या अंगावर काटा यायचा.

त्यांची नात नऊ वर्षांची. चित्रांच्या पातळ पुस्तकांचा बसल्या बैठकीला फडशा पाडायची. पण जाड पुस्तक हातात दिलं, की आधी शेवटचं पान उघडून आकडा बघायची आणि "नको बाई!" म्हणून मोकळी व्हायची. शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला, म्हणजे काकांच्या सुनेला, बोलावून सांगितलं, "वाचता छान येतं तिला. पण लांबलचक काही दिसलं की अंग चोरते."

सुनेनं ते फारच मनाला लावून घेतलं. दीपगृहात राहणाऱ्या मुलीची एक जाडजूड गोष्ट विकत आणली आणि रोज वीस पानांची सक्ती केली. झालं! रोज संध्याकाळी घरात रडारड. काकांना ते बघवेना.

रविवारी नात पुस्तक घेऊन तोंड पाडून दुकानात आली. काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"अगं, नेमकं होतं काय तुला?"

"आजोबा, ते संपतच नाही. कितीही वाचलं तरी उजवीकडचा गठ्ठा तेवढाच!"

काकांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांनी सुरी उचलली.

"काय करताय? आई ओरडेल!"

"मला ओरडेल. तू बघ."

त्यांनी पुठ्ठा सोडवला आणि शिवणीचा दोरा कापला. "हे बघ, याला फर्मा म्हणतात. सोळा पानांचा एक. असे अठरा शिवलेत, म्हणून तुझा गठ्ठा." दोन-दोन फर्मे शिवून त्यांनी बत्तीस पानांच्या नऊ वह्या करायचं ठरवलं आणि पहिली तिच्या हातात दिली. जेमतेम तिच्या चित्रांच्या पुस्तकाएवढी.

नात स्टुलावर बसून वाचू लागली. तासाभरानं किंचाळलीच, "आजोबा! 'तिनं दार उघडलं आणि समोर'... समोर कोण?"

फर्म्याला वाक्याशी काय देणंघेणं? जिथं कागद संपला, तिथं तो संपला.

"ते पुढच्या वहीत. शिवायचीय अजून. उद्या."

"उद्या? आत्ता शिवा!"

चाळीस वर्षांत एवढी घाई कुठल्याच गिऱ्हाइकानं केली नव्हती.

चौथ्या दिवशी सुनेला पत्ता लागला. "नव्याकोऱ्या पुस्तकाची चिरफाड? आणि तीही तुम्ही, बाबा?"

काकांनी मान खाली घातली. तेवढ्यात आतून आवाज आला, "आई, हळू बोल ना! होडी सापडायला आलीय!"

सून जागच्या जागी थबकली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

नऊच्या नऊ वह्या संपल्या. पण पुढच्या आठवड्यात नात शाळेच्या ग्रंथालयातून साडेतीनशे पानांचं पुस्तक घेऊन आली, तेव्हा काकांनी उचललेली सुरी परत खाली ठेवली. दुसऱ्याचं पुस्तक, त्याला सुरी कशी लावणार? नातीनंच दुकानातल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि दर बत्तीस पानांवर एकेक घातली. "इथं थांबायचं," ती म्हणाली.

तीन दिवस काका चोरून तिच्याकडे बघत होते. चौथ्या दिवशी दुपारी केर काढताना खाटेखाली त्यांना पट्ट्या सापडल्या. पाच-सहा तरी असतील, चुरगळलेल्या. पान उलटताना गळून पडलेल्या, आणि तिला पत्ताही नव्हता.

स्वयंपाकघरातून सुनेची तिसरी हाक आली, "जेवायला येतेस की नाही?"

खाटेवरून पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते केरसुणी घेऊन तसेच खाली टेकले आणि सुनेला म्हणाले, "वाढ आपल्या दोघांचं. ती येईल मागून."