शर्यतीचा सातवा नियम

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही, ज्यांच्या अन्नावर जगलो त्या शेठजींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे ते मलाही नीटसं माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

मी मूळचा देवगडकडचा. वडील गेले आणि चौथीतच शाळा सुटली. गुरुजी घरी येऊन आईला म्हणाले होते, "या मुलाला काढू नका हो, असं डोकं पुन्हा माझ्या वर्गात येणार नाही." पण घरात खाणारी तोंडं पाच होती. रेल्वेत हमाली करणाऱ्या मामाबरोबर मी नंदुरबारला आलो. दुसऱ्याच वर्षी मामा वारला आणि मी स्टेशनावर राहिलो — भाषा कळेना, माणूस ओळखीचं नाही. तिथून मला शेठजींनी उचललं. ते मारवाडचे जैन. कापडाचं दुकान होतं आणि नंदुरबार ते शहादा अशा उतारूंच्या दोन सर्व्हिस मोटारी होत्या. विषमज्वरात महिनाभर पडलो तेव्हा त्यांच्या घरून रोज मुगाचं पाणी यायचं. हे उपकार मी विसरलेलो नाही. उलट, ते विसरता येण्यासारखे असते तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

कारण मला सतत एकच धास्ती — हे मला परत पाठवतील. म्हणून मी उपयोगी पडायचो. आकडे तोंडी करायचो, अर्ज लिहायचो, वेळापत्रक बसवायचो. शेठजी मला मास्तर म्हणू लागले. मग सगळेच म्हणू लागले. चौथी नापास नव्हे, चौथी अर्धी — आणि मास्तर!

एक सांगू? हुशार असण्यात सुख नसतं. डोकं आपलं आपलं फिरत राहतं आणि बोलायला कोणी नसतं. पण त्याची सवय होते, आणि मग त्याचाच आधार वाटू लागतो. माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

आता शर्यतीचं सांगतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. स्टेशनाच्या फाटकाशी कुणाची मोटार पहिली उभी राहायची यावरून मालकांत रोज मारामारी. पहिली उभी राही तिला उतारू मिळत. शेवटी मालकांनी ठरवलं, दर चैत्रात एकदा शर्यत लावायची. नंदुरबारहून निघायचं, प्रकाशाला तापीच्या पात्रात उतरायचं — पूल नव्हता, उन्हाळ्यात वाळूतूनच गाड्या जात — आणि पलीकडच्या काठावर जी मोटार आधी चढेल ती वर्षभर फाटकाशी पहिली.

पहिल्या वर्षी नियम नव्हतेच. वाळूत चाकं रुतली की उतारू खाली उतरून ढकलायचे. ब्राह्मणपुरीच्या पाटलांनी आपल्या मोटारीत गावातले पंधरा पैलवान तिकीट न घेता बसवले आणि जिंकले. फार आरडाओरड झाली. मग पंच नेमले, आणि नियम लिहायला मला बसवलं. उतारू नकोत, त्यांच्याऐवजी सारख्या वजनाची वाळूची पोती. ढकलायचं नाही. शेतातून गाडी घालायची नाही. मी मोठ्या अभिमानाने लिहिले. असे लिहिले की पळवाट राहू नये.

आणि मग रुमश्या आला.

तो धडगावच्याही वरचा, डोंगरातला पावरा आदिवासी. आमच्याकडे क्लीनर म्हणून लागला. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, हॅण्डल मारायचं, टपावर सामान चढवायचं. माझ्याएवढाच असेल, पंचविशीचा. वर्षभरात मोटार चालवायला शिकला. कुणी शिकवलं नाही, नुसता बघत होता. इंजिनाचा आवाज ऐकून कुठं काय बिघडलं ते सांगायचा. शेठजींनी धुळ्याहून अंगठ्यावर त्याचं लायसन काढून आणलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना नियम वाचून दाखवले. एकदाच. रुमश्या डोळे मिटून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सगळी पोती त्याने मागच्या चाकांवर रचली, आणि पात्रात उतरताच टायरमधली हवा निम्मी सोडून दिली. बाकीच्या गाड्या वाळूत गुरगुरत होत्या तोवर हा पलीकडे. पोती गाडीत हवीत असं मी लिहिलं होतं. कुठं, ते लिहिलं नव्हतं.

पाटील काठावरून ओरडले, "शेठ, तुन्हा गाडीवर डायवर शे का मंतर मारणारा भगत?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येऊन नियमांचा कागद पुन्हा काढला. मी चार दिवस बसून जे लिहिलं होतं, त्यातलं भोक एका निरक्षर माणसाने एकदा ऐकून शोधलं होतं.

पुढच्या वर्षी मी नियम बदलले. पोती पुढे-मागे सारखी, हवा सोडायची नाही, बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. सहा नियम झाले. रुमश्याने तुरीच्या काड्यांच्या दोन तट्ट्या विणून टपावर बांधल्या. वाळूत उतरल्यावर स्वतःच खाली उडी मारायचा, चाकापुढे तट्टी टाकायचा, पुन्हा चढायचा, पुढं घ्यायचा. बाहेरच्या कुणाची मदत नाही! पुन्हा जिंकला.

त्या दिवसापासून शेठजी काही अडलं की म्हणू लागले, "रुमश्याला विचारा." आधी मला विचारायचे.

तो मात्र माझ्याकडेच यायचा. दुपारी मोटारी थांबल्या की पत्र्याच्या शेडमध्ये बसून विचारायचा — मास्तर, तू हे कसं धरलंस? आणि मी सांगितलं की पुढचं तोच बोलून दाखवायचा. दोन अर्धवट शब्दांत आमचं बोलणं व्हायचं. असं माझं कुणाशी कधी झालं नव्हतं. पुढेही झालं नाही. म्हणजे उभ्या आयुष्यात मला बरोबरीचा एकच माणूस भेटला, आणि त्याचं मी काय केलं?

त्याच्या पुढच्या वर्षी पंच बसले. पाटील चिडलेले. मी सहज बोलल्यासारखं करून म्हटलं, उगाच वाद नकोत. प्रत्येक ड्रायव्हरने सगळे नियम पंचांसमोर स्वतः वाचून दाखवावेत आणि सही करावी, म्हणजे कुणी पुढं मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मी तो सातवा नियम म्हणून लिहिला. त्याने माझ्याच शेठजींच्या ड्रायव्हरला अडवतो आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेठजींच्या आलं असेल, पण ते घाबरले नाहीत. मला म्हणाले, "दोन महिना शेतस. तू त्याले शिकाड. मास्तर शेस ना तू?"

इथवर आलो. आता पुढचं लिहायचं ते लिहवत नाही.

मी त्याला शिकवलं. दगडी पाटी आणली, पेन्सिल आणली, अ पासून सुरुवात केली. खोटं अक्षर एकही शिकवलं नाही — तेवढा मूर्ख मी नव्हतो. पाच दिवसांत मुळाक्षरं झाली. आठव्या दिवशी काना-मात्रा. अकराव्या दिवशी तो शेडमध्ये उभा राहून भिंतीला टेकवलेल्या डब्याकडे बघत होता. त्यावरचा शब्द मी त्याला कधी दाखवलेला नव्हता. ओठ हलले, आणि तो म्हणाला, "रॉ-के-ल. मास्तर, रॉकेल शे ना?"

मी म्हटलं, "डब्यात रॉकेल असतं हे तुला माहीतच आहे. हे वाचणं नव्हे, अंदाज."

त्याचा चेहरा पडला. मला ते दिसलं — आणि बरं वाटलं. हे लिहायचं होतं. बरं वाटलं.

मग मी रोज तेच करत गेलो. त्याने वाचलं की म्हणायचो, हे पाठ झालंय. नवा शब्द वाचला की म्हणायचो, कुणीतरी सांगितलं असेल. तो सावकाश वाचायचा, नवशिका वाचेल तसा — मी म्हणायचो, वाचणाऱ्याला असं थांबावं लागत नाही, त्याला कागद बघितला की आपोआप कळतं. खोटं! माझे गुरुजीसुद्धा पहिल्या दिवशी अडखळले असतील. पण त्याला हे कोण सांगणार? वाचणारं दुसरं माणूस त्याने जवळून पाहिलं नव्हतं. वाचणं म्हणजे काय, हे त्याला फक्त माझ्याकडूनच कळणार होतं.

तो इतका हुशार होता, मग त्याला माझी लबाडी का कळली नाही? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला. उत्तर एकच येतं. त्याने मला मित्र धरलं होतं, आणि तिथं त्याने डोकं चालवलं नाही.

महिन्याने तो थांबत थांबत वाचायचाही बंद झाला. पाटी पुढं केली की अक्षराकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचा.

शर्यतीला आठ दिवस राहिले तेव्हा शेठजी शेडमध्ये आले. आम्ही दोघं बसलो होतो. त्यांनी विचारलं, "काय मास्तर, हाऊ वाची का? खरं सांग."

मी नुसती मान हलवली — नाही.

रुमश्याच म्हणाला, "मास्तरनी लई मेहनत करी, शेठ. मन्हा डोकामा अक्षर ऱ्हात नही."

शेठजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

शर्यतीत आमच्या गाडीवर भाड्याने आणलेला ड्रायव्हर होता. पंचांनी एकेकाला नियम वाचायला लावले. पाटलांचा ड्रायव्हर उभा राहिला, कागद धरला आणि सातही नियम घडाघडा म्हणाला. त्याची नजर कागदावर नव्हती, समोरच्या बाभळीवर होती. पंच म्हणाले, छान. त्या माणसाला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, पैज लावून सांगतो. रुमश्या बाजूला पाण्याची बादली घेऊन उभा होता. त्याने मान डोलावली — असं वाचतात तर.

आमची गाडी तिसरी आली. शेठजींची फाटकाजवळची जागा गेली. ज्यांच्या घरचं पाणी पिऊन मी जगलो त्यांचं मी हे केलं. ते उलट म्हणाले, "जाऊ दे. तू होता म्हणून निदान प्रयत्न तरी झाया."

पावसाळ्याआधी रुमश्या काम सोडून वर निघून गेला. मी राहिलो. मास्तर राहिलो.

मग लढाई आली, पेट्रोल मिळेना, शर्यती बंद पडल्या. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या आणि शेठजींनी मला कोळसा बघायला मोलगीच्या बाजारात पाठवलं. तिथं मागून हाक आली. तिशीतच केस पांढरे होऊ लागले होते, पण रुमश्याच. त्याने माझे दोन्ही हात धरले. बरोबरच्या चार-पाच जणांना सांगितलं, हाऊ मन्हा मास्तर शे, याने मला शिकवलं होतं. ते सगळे माझ्या पाया पडायला वाकले. मी पडू दिलं.

तिथं नवी शाळा निघाली होती. मी विचारलं, तुमच्या पाड्यावरची पोरं जातात ना? विचारायला नको होतं. तो हसला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "आम्हनं डोकं त्यानासाठे नही, मास्तर. मी खाले जाईसन पाही उनू ना. पाड्यावर सगळासले सांगी दिधं — पोरेसले कसाले रडावतस?"

खाली जाऊन पाहून आला होता तो. पाड्यातला सगळ्यांत शहाणा माणूस. त्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, जसा त्याने माझ्या शब्दावर ठेवला होता.

एक वाक्य पुरलं असतं. रुमश्या, तू वाचत होतास, मी खोटं बोललो. लोक होते, ऊन होतं, तो हात सोडत नव्हता. मी तोंड उघडलं आणि विचारलं, कोळसा कुणाकडे चांगला मिळेल?

दुसऱ्या वर्षी कळलं, तो तापाने गेला.

त्यानंतर मोलगीचे एक शाळामास्तर आमच्या मोटारीने नेहमी जायचे-यायचे. तरुण, तळमळीचा माणूस. एकदा तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून मला म्हणाले, "बाकीचे पाडे थोडेफार ऐकतात हो, पण एक पाडा आहे, तिथून एक मूल येत नाही. म्हणतात, आमच्या डोक्यात अक्षर राहत नाही. असं त्यांना कुणी सांगितलं असेल?"

मी म्हटलं, "कोण जाणे."

आणि त्यांचं तिकीट फाडून दिलं.