न्युश्टर्न म्हणजे उपास

चारुलता बिवलकर ही बाई रोज साठेक माणसांना विचारते, "उद्या काय खाणार?" आणि त्यातली निम्मी तोंड वाकडं करतात. तिचा काय दोष? स्वयंपाक ती करत नाही. हातात टॅब्लेट घ्यायचा, खोली-खोली फिरायचं, चीज हवं की सॉसेज हे टिपायचं, सकाळी ट्रे पोचवायचे, नंतर गोळा करायचे. जर्मनीतल्या येनापासून ट्रेननं अर्ध्या तासावर, टेकडीवर एक हृदयाचं हॉस्पिटल आहे. तिथे चौदा वर्षं ती हेच करते. नाव काही मी सांगत नाही, उगाच कशाला?

एकतीस वर्षांपूर्वी ती येनाला आली ती एमएस्सी बॉटनीची डिग्री घेऊन. नवरा कुमार, भिंगांच्या कंपनीत इंजिनियर. त्याची डिग्री इथे लगेच चालली, हिची चालेना. आधी लाँड्री, मग शाळेचं स्वयंपाकघर, मग हे. वॉर्डात तिला "फ्राउ बिफलकार" म्हणतात, घाईत असले की नुसतंच "मेन्यू". "मेन्यू आली का?" मुलगी क्षितिजा एकदा जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, तू डॉक्टरांपेक्षा जास्त पेशंट बघतेस." चारुलतानं ते वाक्य अजून जपून ठेवलंय.

तिच्या कामात आणखी एक गोष्ट यायची. ज्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, त्याच्या पलंगाला एक पिवळी पाटी लटकवायची: 'न्युश्टर्न'. म्हणजे याला खायला-प्यायला द्यायचं नाही. नवीन होती तेव्हा तिला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, दारू न प्यालेला. पहिले दोन दिवस तिला वाटलं, अरे देवा, सगळं हॉस्पिटल बेवड्यांनी भरलंय! मग कळलं. चौदा वर्षांत तिनं अशा हजारो पाट्या लटकवल्या असतील, पण त्या शब्दाचं मराठी करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ आली एका सोमवारी. बारा नंबरच्या खोलीत सुलेखा हर्डीकर दाखल झाली. वय एकोणपन्नास, नवरा शिरीष आयटीत, पुण्याहून येऊन तीन वर्षं झालेली. जर्मन म्हणाल तर "डांके" आणि "च्युस", म्हणजे धन्यवाद आणि टाटा, एवढंच. चारुलता टॅब्लेट घेऊन आत गेली आणि समोरच्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून तिनं सरळ मराठीतच विचारलं, "काय खाणार?"

सुलेखा उठूनच बसली. "अगं बाई! तुम्ही आपल्या?"

मग काय विचारता. पाच मिनिटांचं काम पाऊण तास चाललं.

दुपारी प्रोफेसर आले. ते शिरीषला पडद्यावर सुलेखाचं हृदय दाखवत होते. तो फोटो नव्हता, जिवंत हलणारं हृदय होतं, बोटानं फिरवलं की सगळ्या बाजूंनी दिसणारं. झडपेची दोन पानं उघडमीट करत होती, आणि मागच्या पानाला धरून ठेवणारा एक बारीक दोरा तुटलेला. त्यामुळे ते पान फडफडायचं, रक्त उलटं मागे यायचं, आणि सुलेखाला दोन जिने चढले की धाप लागायची. ट्रे उचलता उचलता चारुलता ते बघतच राहिली. इथे भिंगं नव्हती, पण कुमार आयुष्यभर भिंगांच्या गोष्टी का सांगत आला ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

प्रोफेसर आणि शिरीष गेल्यावर सुलेखानं तिचा हात धरला. "रोबो कापणार म्हणे. म्हणजे तिथे माणूस कोणीच नाही का हो?"

"असं कसं? डॉक्टर तिथेच खोलीत खुर्चीवर बसतात. ते जसे हात हलवतात, तसे त्या यंत्राचे बारके हात तुमच्या आत हलतात. छाती उघडायची नाही, बरगड्यांमधून चार-पाच भोकं. नवा दोरा घालायचा, झडपेला गोल रिंग बसवायची. इथे पंधरा दिवस राहायच्या ऐवजी आठवड्यात घरी."

"तुम्हाला सगळं कळतं हो, चारुताई."

एकतीस वर्षांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. बाईचं मन चार बोटं वर गेलं, आणि पुढचा घोटाळा तिथेच सुरू झाला.

संध्याकाळी नर्स उटे पाटी घेऊन आली. शिरीष तोवर घरी गेलेला. उटे म्हणाली, "फ्राउ बिफलकार, जरा तुमच्या भाषेत सांगा ना हिला. रात्री बारानंतर न्युश्टर्न. महत्त्वाचं आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," चारुलता म्हणाली, आणि सुलेखाकडे वळून, जरा ऐटीतच, "सुलेखाताई, रात्री बारानंतर उपास हं. न्युश्टर्न म्हणजे उपास."

सुलेखा हसली. "अहो, उद्या अंगारकी! उपासच आहे माझा."

"मग काय, बाप्पाच बघून घेईल," चारुलता म्हणाली आणि खुशीत घरी गेली.

आता तुम्ही मराठी आहात, तुमच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. तिच्या पडला नाही. आपल्याकडे उपास म्हणजे काय, एकादशी दुप्पट खाशी! त्यात सुलेखानं आदल्या दिवशीच नवऱ्याला फोनवर एकेक पायरी सांगून साबुदाण्याची खिचडी करून घेतली होती. शिरीषच्या हातून ती पहिल्यांदाच मोकळी झालेली, गिचका नाही. संध्याकाळी खाईल म्हणून तो बिचारा डबा ठेवून गेला. चतुर्थी कधी असते हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सुलेखानं मात्र डबा सकाळसाठी जपून ठेवला.

मंगळवारी सकाळी सातला चारुलता बारा नंबरमध्ये गेली. पलंगाची जागा रिकामी, सुलेखाला खाली नेलं होतं. कपाटावर स्टीलचा डबा. तिनं सहज झाकण काढलं. जिरं आणि तुपाचा वास. कडेला दाण्याचा कूट, आणि तळाशी चिकटलेले चार साबुदाणे.

"काल रात्री खाल्ली वाटतं," ती स्वतःशी म्हणाली.

शेजारच्या पलंगावर फ्राउ लोरेंझ नावाची ऐंशीची म्हातारी होती. ती म्हणाली, "आत्ता सहाला खाल्लं तिनं. छोटे मोती. मलाही देत होती, किती गोड बाई! मग नर्सनं विचारलं, न्युश्टर्न का? तर कसं छान हो म्हणाली ती, 'या, न्युश्टर्न!'"

चारुलताच्या हातातलं झाकण खाली पडलं.

हॉस्पिटलात चौदा वर्षं काढली की काही गोष्टी न शिकवता कळतात. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जातं. त्यात या ऑपरेशनला झडप बघायला अन्ननळीतून कॅमेऱ्याची नळी आत सोडतात. हृदयाचा एकेक दोरा दाखवणाऱ्या त्या यंत्रांना खिचडीचा पत्ता नव्हता. सुलेखा सोडली तर तो जगात फक्त दोघींना होता, एक म्हातारी आणि एक मेन्यूवाली.

लिफ्ट येईना. अठ्ठावन्न वर्षांची बाई दोन जिने धावत उतरली. ऑपरेशन विभागाचं दार बंद, तिच्या कार्डानं उघडत नाही. तिनं भिंतीवरची बेल दाबली.

"कोण?"

"मेन्यू... म्हणजे मी, बिवलकर, वॉर्ड तीन."

"आत्ता नाही." खट्.

तिनं पुन्हा दाबली, आणि आयुष्यात जर्मन माणसावर कधी ओरडली नव्हती ती ओरडली. "हर्डीकर! तिनं खाल्लंय! थांबा! तिनं खाल्लंय!"

दार उघडलं. भूल देणारी डॉक्टर हेंके, तोंडावर मास्क. "फॉर्मवर न्युश्टर्न लिहिलंय. पेशंट स्वतः हो म्हणाली."

खरं सांगायचं तर इथे तिला वाट होती. पेशंटला कळलं नाही म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. पण चारुलता म्हणाली, "तो शब्द तिला मी शिकवला. चुकीचा शिकवला. आमच्याकडे उपासाला खातात."

"उपासाला खातात?" डॉक्टरणीनं विचारलं. मग तिला डोक्याला टोपी, पायांना पिशव्या घालायला लावून आत घेऊन गेली.

मधोमध रोबो, हातांवर प्लास्टिकचं आवरण. खाली सुलेखा, हाताला नळी जोडलेली. तिला बघून हसली. "चारुताई, तुम्ही इथपण?"

"सकाळी काय खाल्लंत हो?"

"छे, काही नाही. उपास आहे ना."

"खिचडी?"

"ती खाल्ली. उपासाचीच आहे की."

सगळी खोली थांबली होती. चारुलतानं डॉक्टरणीकडे बघून मान हलवली. "या, खाल्लंय," ती म्हणाली. नळीला लावलेली सिरिंज डॉक्टरणीनं काढून ट्रेमध्ये ठेवली.

"माझं काही चुकलं का?" सुलेखानं विचारलं.

"नाही. माझं चुकलं," चारुलता म्हणाली, आणि तिथेच तिला रडू फुटलं.

रोबो फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असायचा, आणि दुपारचा पेशंट आधीच ठरलेला. म्हणजे शुक्रवार. शिरीष धावत आला तो आधी बायकोवर उखडला, "तुला साधं एवढं कळू नये?" चारुलता मध्ये पडली, आपली चूक आहे म्हणाली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता." ओरडला असता तर बरं झालं असतं. वॉर्डच्या मुख्य बाईनं तिला केबिनमध्ये बोलावून बजावलं: यापुढे तुम्ही भाषांतर करायचं नाही, दुभाष्या फोनवर मिळतो, तुमचं काम जेवण. वेळेवर सांगायला आलात म्हणून आभारही मानले, पण ते चारुलताच्या कानात शिरले नाहीत.

घरी तिनं कुमारला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, "अगं, निर्जळी म्हणायचं होतंस."

झालं! एका शब्दात खेळ खलास. तिची स्वतःची आई हरितालिकेला निर्जळी करायची, थुंकीसुद्धा गिळू की नको असा प्रश्न पडायचा तिला. चारुलता स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. एकतीस वर्षं परक्यांचे शब्द वेचले, त्यांची व्याकरणं घोटली, आणि घरातला एक शब्द हवा तेव्हा हाताशी नव्हता. त्या रात्री ती जेवली नाही. कुमारनं पोळी ताटात वाढून ठेवली ती सकाळपर्यंत तशीच.

गुरुवारी संध्याकाळी बारा नंबरला पाटी लटकवायची वेळ आली. फोनवरच्या दुभाष्यानं हिंदीत सांगून झालं होतं. चारुलता मान खाली घालून आत गेली.

"चारुताई, बोलत का नाही?"

"मला परवानगी नाही."

"भाषांतर करायची नसेल. मराठी बोलायला कुणाच्या बापाची परवानगी लागते?"

चारुलतानं खिशातलं पेन काढलं आणि पिवळ्या पाटीवर, जर्मन शब्दाखाली, मोठ्या अक्षरात लिहिलं: निर्जळी.

सुलेखानं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, मग तसं सांगायचं! निर्जळी म्हटलं असतंत तर डब्याकडे बघितलंसुद्धा नसतं. आईशप्पथ, आता उद्या तुम्ही सांगेपर्यंत थेंब घेत नाही."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. साडेचार तास. झडपेचं पान जागेवर बसलं, रक्त मागे येणं थांबलं, पडद्यावर ते सगळ्यांनी पाहिलं. चारुलतानं पाहिलं नाही, ती ट्रे गोळा करत होती. दुपारी उटेनं जाता जाता अंगठा वर केला, तेव्हा ती लिनेनच्या खोलीत शिरली आणि दोन मिनिटं दार लावून उभी राहिली.

पाच वाजता ती कोट चढवून निघाली होती. वॉर्डचा फोन वाजला. अतिदक्षता विभाग.

"मेन्यू आहे का तिथे?"

"मी भाषांतर करत नाही," चारुलता म्हणाली.

"बरं, पण प्लीज, वर या. पेशंट जागी झालीये, नळी काढलीये, पण पाणी पीत नाही. चमचा नेला की तोंड घट्ट मिटते."

ती वर गेली. पलंगाशी शिरीष उभा, हातात पेला. चेहरा उतरलेला. "ताई, माझंही ऐकत नाहीये. ओठ बघा कसे सुकलेत. नुसती मान हलवते आणि म्हणते, चारुताईंना विचारा."

सुलेखाचे डोळे अर्धवट उघडे. चारुलता दिसल्यावर तिनं पुटपुटत विचारलं, "सुटली?"

कोट न काढताच चारुलता पुढे झाली. शिरीषनं पेला तिच्या हातात दिला. नर्सनं बोटांनी खूण केली, थोडंसंच. चारुलतानं एक हात सुलेखाच्या मानेखाली घातला आणि चमचा तिच्या ओठांशी नेला.

"सुटली हो, सुलेखाताई," ती म्हणाली. "निर्जळी सुटली. प्या."

सुलेखानं तोंड उघडलं.