हात मागे बांधणारा माळी

दाऊदभाई कुंपणालगतच्या पट्ट्यात शिरताना दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवायचे आणि बाहेर येईपर्यंत सोडायचे नाहीत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, पाठमोरं. उंच, किंचित वाकलेले, खाकी शर्ट, डोक्याला गुंडाळलेला पंचा. झुडपांमधून असे जपून पावलं टाकत होते, की मला वाटलं काहीतरी हरवलंय. मी नर्सेसच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यातून विचारलं, तर म्हणाले, "हरवलां नाय काय. बघतंय नुसता."

"आणि हात का बांधलेत?"

"माळ्याचे हात खाजतात, बाय. कायतरी उपटावासा वाटतां, कायतरी लावावासा वाटतां. हितं हात आवरायचा."

अहमदी हे आखातातलं, तेल कंपनीनं वाळूच्या उंचवट्यावर वसवलेलं गाव. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखी घरं, घरांभोवती कण्हेरीची कुंपणं, साहेबांच्या बंगल्यांपुढे हिरवळ. हे सगळं हिरवं विहिरीच्या मचूळ पाण्यावर आणि दाऊदभाईंच्या जिवावर उभं होतं. ते बागखात्याचे फोरमन होते, दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे. मी मिरजेची, कंपनीच्या इस्पितळात नर्स. एवढ्या परमुलखात मराठी कानावर पडलं की माणूस आपोआप जवळचं होतं. त्यात त्यांचं 'बाय' म्हणणं असं होतं, की मी त्यांच्याशी कितीही भांडले तरी शेवटी जेवायला बोलवायची.

आमचं हॉस्टेल गावाच्या अगदी शेवटच्या ओळीत. त्यापुढे दाऊदभाईंनीच लावलेली निलगिरीची आणि झाऊची रांग, मग हा रुंद मोकळा पट्टा, मग काटेरी तार. तारेपलीकडे वाळवंट. पट्ट्यात गुडघ्याएवढी करड्या रंगाची, वाळकी दिसणारी झुडपं होती. अरब लोक त्याला अरफज म्हणतात. मला ती अजिबात आवडत नसत. हिरवं ते झाड आणि बाकीचं सरपण, एवढंच माझं वनस्पतिशास्त्र. "एवढा झाडांचा माणूस तुम्ही, आणि हा उकिरडा तेवढा सांभाळून ठेवलात," असं मी त्यांना कितीदा तरी म्हटलं असेल. ते हसायचे आणि आपली चूक सांगायला बसायचे. ही चूक ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि तीही चवीनं.

नवीन आले तेव्हा त्यांना ही झुडपं बघून कळवळा आला होता. कोकणातला माणूस, तहानलेलं झाड त्याला बघवत नाही. त्यांनी ऐन उन्हाळ्यात तारेलगतच्या अरफजांना आळी करून रोज पाणी घातलं. आधी ती जरा तरारली. मग मुळाशी काळी पडून एकेक करून मेली, आणि मचूळ पाण्यातलं मीठ वर येऊन जमीन पांढरी झाली. ज्यांना पाणी मिळालं नव्हतं ती मात्र तशीच वाळकी उभी राहिली आणि पाऊस पडून गेल्यावर पिवळ्या फुलांनी भरली. "मायेनं मारलां मी त्यांना," दाऊदभाई म्हणायचे. "आमच्या गावात उपाशी माणूस दिसला की आधी पानावर बसवतात, मग नाव विचारतात. हितं आधी नाव विचारायला होवा होता."

तेव्हापासून त्यांनी त्या पट्ट्याला कबरस्तानाचा कायदा लावला. त्यांच्या गावच्या कबरस्तानात कुणी कुऱ्हाड नेत नाही, ढोर सोडत नाही, पडलेली सुकी फांदीसुद्धा चुलीला नेत नाही. त्यामुळं गावातली सगळ्यात मोठी झाडं तिथंच. पट्ट्याच्या बाबतीतही तसंच: तोडायचं नाही, लावायचं नाही, पाणी घालायचं नाही. तारेमुळं शेळ्या-उंट आत येत नसत. बाहेर अरफजाचे नुसते खुंट उरले होते, आत दरवर्षी झुडूप दाटत गेलं. वाळवंटात फिरणाऱ्या बेदुइन टोळीतली एक म्हातारी तिच्या शेळ्या घेऊन तारेपाशी यायची आणि आतल्या चाऱ्याकडे बघत दाऊदभाईंना अरबीत बोल लावायची. तिचंही खोटं नव्हतं; ती जमीन आधी तिच्या शेळ्यांचीच होती. शेवटी दाऊदभाईंनी तिच्याशी ठरवून टाकलं. फुलं गळून बी जमिनीवर पडलं, की थोडे दिवस तिच्या शेळ्या आत घ्यायच्या. बागखात्याच्या साहेबांनी याकडे काणाडोळा केला. म्हातारी मग बोल लावायची थांबली, पण दही आणून द्यायला लागली. ते इतकं आंबट असायचं की बोल बरे होते.

त्या पट्ट्यात बघायचं काय, हे मला हळूहळू त्यांच्यामुळंच कळलं. झुडपाच्या बुडाशी चंडोलाचं घरटं. बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला, घोरपडीचा धाकटा भाऊ शोभेल असा धब. एकदा त्यांनी मला तारेच्या काट्याला टोचून ठेवलेला सरडा दाखवला. मी नाक मुरडलं. "ह्यो खाटीक पक्ष्याचा धंदा," ते म्हणाले. "माझ्याच निलगिरीवर बसतो, तिथनं बघतो आणि झडप घालतो. त्याला बसायला जागा कुणी दिली? मी दिली." मग त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट नीट बघून घेतली. झाडांच्या रांगेजवळ एकही चंडोल घरटं करत नव्हता. तारेजवळही नाही. घरटी होती ती फक्त मधोमध.

एवढं बोलायचे, पण घरचं कधी काढायचे नाहीत. बायको झुलेखा आणि मुलगी तिकडे गावी. दाऊदभाई दर काही वर्षांनी सुट्टीवर जायचे तेवढाच संसार. फॅमिली क्वार्टर मिळाल्याशिवाय बायकोला आणता येत नव्हतं, आणि त्यांच्या हुद्द्याच्या माणसांसाठी क्वार्टर नव्हतेच. मग एके दिवशी बातमी आली की नवी ओळ बांधणार, आणि तिच्यातलं एक घर दाऊदभाईंना मिळणार. त्या दिवशी त्यांनी इस्पितळात येऊन आम्हा सगळ्या नर्सेसना मिठाई वाटली. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, पण झुलेखा तरी येणार होती.

दुसऱ्या आठवड्यात खुंट्या ठोकायला माणसं आली ती आमच्या व्हरांड्यासमोर. नवी ओळ त्या पट्ट्यावर येणार होती.

दाऊदभाई खुंट्यांकडे बघत उभे होते. हात पाठीमागेच होते. मग बागखात्याचे साहेब आले. स्कॉटिश माणूस, सज्जन. पूर्वी हिंदुस्थानात राहिल्यामुळं हिंदी बोलायचा. दाऊदभाईंनी त्यांना उत्तरेची, वर्कशॉपमागची जागा सुचवली. तिथं बुलडोझर आधीच फिरलेला होता, राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी समजावलं की तिकडे पाण्याच्या नळापासून सगळं नव्यानं करावं लागेल, कामाला वर्षं लागतील. मग त्यांना दाऊदभाईंचं तोंड बघवेना. म्हणाले, "अच्छा दाऊद, आधा रख लो. आधे में मकान, आधे में तुम्हारा जंगल."

मी मनात म्हटलं, सुटला बाई प्रश्न.

दाऊदभाईंनी मान हलवली. "आधा नहीं, साहब. आधा रखेगा तो सब किनारा हो जाएगा. किनारे पे कसाई बैठता है. चंडोल बीच में रहता है, और बीच बचेगा ही नहीं."

साहेबांनी पट्ट्याच्या मधोमध नजर टाकली. मग म्हणाले, "तुमको मालूम है, फिर तुम्हारा मकान कब बनेगा मैं नहीं बोल सकता?"

"मालूम है, साहब."

साहेबांनी शब्द टाकला, आणि ओळ उत्तरेला गेली. संध्याकाळी मी दाऊदभाईंना गाठलं आणि फाडफाड बोलले. चार पाखरांसाठी बायकोला अधांतरी ठेवणारा माणूस मी पाहिला नाही, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झुलेखाला थांबता येतां, बाय. तिनं मला थांबून दाखवलंन. ह्या जमिनीवर एकदा बुलडोझरची फळी फिरली की जमिनीला थांबता येत नाय." मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटलेलं नाही. ज्याला थांबता येतं त्यालाच सगळे थांबवतात, हे मी इस्पितळात जन्मभर बघत आले.

झुलेखा आली तोवर दाऊदभाईंच्या दाढीत काळा केस राहिला नव्हता. एप्रिल होता. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला, पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळाधमक. क्वार्टरमध्ये सामान टाकल्या टाकल्या दाऊदभाई तिला तिथं घेऊन आले, आणि मी व्हरांड्यातून सगळं ऐकलं. ठेंगणी, गोरी, नाकात चमकी असलेली बाई. तिनं एकदा झुडपांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"ह्या पिवळ्यासाठी मला तिकडं ठेवलांत?"

ती तडक माघारी फिरली. पुढं कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची, आणि बोलायची तेही भांड्यांच्या आवाजात. मला तिचा राग मनापासून पटला, म्हणून आमची मैत्री जमली. संध्याकाळी ती आमच्या व्हरांड्यात येऊन बसू लागली. समोर दाऊदभाई हात मागे बांधून फिरत असायचे. एकदा मी चिडवलं, "काय, आवडायला लागली वाटतं फुलं?"

"फुलां कोण बघतां?" ती म्हणाली. "मी ह्यांना बघतंय. किती वर्षांचा बघायचा राहिलाय."

तिला फार वर्षं मिळाली नाहीत. एका डिसेंबरात दाऊदभाईंना माझ्याच वॉर्डात आणलं. हृदय थकलं होतं. झुलेखा उशाशी बसून होती. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं पट्ट्याबद्दल काही सांगतील. म्हणाले, "हिला एकटीला नको सोडूस, बाय. मी लय थांबवलां हिला." झुलेखानं ते ऐकलं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो हात तिनं संध्याकाळपर्यंत सोडला नाही, नाडी थांबल्यावरही.

कंपनीनं तिला इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरातच काढायचे चार महिने दहा दिवस, पुरी होईपर्यंत क्वार्टरमध्ये राहू दिलं. घरी जायच्या आधी तिला कबर बघायची होती. बायका तिथं सहसा जात नसत, पण राखणदारानं आम्हा दोघींना दुपारच्या वेळी फाटक उघडून दिलं. कबरस्तान गावाबाहेर, भोवती उंच भिंत. भिंतीबाहेर शेळ्यांनी खाऊन मोकळी केलेली जमीन. आत शिरलो आणि झुलेखा जागच्या जागी थांबली. आत सगळा अरफज फुलला होता. कुणी लावलेला नव्हता, कुणी पाणी घातलेलं नव्हतं. दाऊदभाईंच्या कबरीच्या पायथ्याशी खणणाऱ्यांनी एक झुडूप तसंच राहू दिलं होतं, ते पिवळं झालेलं. मला तिथं रडू आवरलं नाही.

झुलेखानं घरून बाटलीत पाणी भरून आणलं होतं. कबरीवर पाणी शिंपडायची त्यांच्याकडची रीत. तिनं फातिहा म्हटला, बाटलीचं बूच उघडलं, खाली वाकली, आणि तशीच थबकली. मग सरळ झाली आणि बूच पुन्हा घट्ट लावलं.

मी म्हटलं, "शिंपड ना. एवढ्यासाठीच तर आणलंस."

"नको, बाय," ती म्हणाली. "मायेनं मरेल तां."

मग पदराआड बाटली धरून ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली.