परदेशी पार्सल घ्यायचं न्हाई

मी जन्माची संशयी. यात माझा दोष थोडा आणि बाबांचा जास्त. बाबांनी उभं आयुष्य एसटीत कंडक्टर म्हणून काढलं. रिटायर झाले, पण त्यांची नजर काही रिटायर झाली नाही. "माणसाच्या तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ," हे मला त्यांनी अआइई शिकायच्या आधी शिकवलं. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, दारात आलेली वर्गणीची पावती, सगळं आमच्या घरात उलटंपालटं करून बघितलं जातं. आई एकटी साधी. तिच्यावर आम्ही दोघं लक्ष ठेवतो.

अशा घरातली मी कोरियन शिकायला लागले. सुरुवात त्या भाषेतल्या मालिकांनी झाली, हे कबूल करते. पण दोन वर्षांनी मी लेखी परीक्षेची चौथी पातळी पास झाले, तेव्हा पुण्याच्या एका कारखान्यातून दुभाषी म्हणून विचारणा आली. फक्त तोंडी मुलाखत बाकी होती, जानेवारीत, मोबाईलवर समोरासमोर. तेवढी निघाली की मी आखाडा बाळापूरहून पुण्याला, न निघाली की शिकवणीच्या पोरांना नववीची भूमिती शिकवत इथंच. आता तोंडी भाषा पुस्तकातून कशी येणार? बाळापूरच्या बाजारात बैलाच्या दाव्यापासून मोबाईलच्या काचेपर्यंत सगळं मिळतं, कोरियन बोलणारं माणूस मिळत नाही.

म्हणून भाषेच्या सरावाच्या एका ॲपवर बाई सापडल्या. मी त्यांना सनसेंगनिम म्हणायची, म्हणजे आपल्याकडं शाळेत बाई म्हणतात तेच. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, लहानशा गावात राहायच्या, घरामागं लसूण लावायच्या. हे सगळं त्या सांगायच्या. मी पाहिलं काहीच नव्हतं, कारण बाई कॅमेरा कधीच सुरू करायच्या नाहीत. नुसता आवाज, तोही सावकाश, वर्गात शुद्धलेखन घालावं तसा.

माझ्या मनात पहिल्याच आठवड्यात पाल चुकचुकली. एक तर त्या एक पैसा मागत नव्हत्या. फुकट कोण शिकवतं हो? दुसरं म्हणजे तोंड दाखवत नव्हत्या. आणि तिसरं, रोज सकाळी साडेसहाला मी गच्चीवर रेंज शोधून फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलीस का?" वास्तविक आमच्याकडं रस्त्यानं जाणारं माणूससुद्धा "झालं का जेवण?" म्हणूनच पुढं सरकतं. पण तोच प्रश्न परक्या देशातून रोज आला की मला वाटायचं, हिला माझ्या जेवणाशी काय करायचं आहे?

माझ्या व्याकरणाच्या वहीत मी मागच्या पानापासून दुसरी वही सुरू केली. वर लिहिलं, 'पुरावा'. खाली तारीख आणि त्या दिवशी बाईंनी काय काय विचारलं ते. घरात किती माणसं, बाबा काय करतात, गावाजवळ मोठं शहर कोणतं. उद्या काही झालं तर पोलिसांना दाखवायला हातात कागद पाहिजे.

पुढच्या पानांवर मात्र वाक्यांचे शेवट चालले होते. वरच्या पातळीची कोरियन सगळी वाक्याच्या शेपटीत असते. आपण पाऊस पडला म्हणतो आणि मोकळं होतो. तिथं शेपटीवरून कळतं की तुम्हाला ते कसं ठाऊक. आपल्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर शेवटी दोरागोयो. कुणी सांगितलं असेल तर देयो, आपलं 'म्हणे' तसं. ओल्या चपला बघून अंदाज बांधला असेल तर ना ब्वायो, आपलं 'वाटतं' तसं. मला ही व्यवस्था भारी आवडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या स्वभावाला व्याकरण दिलं होतं.

पण मी प्रत्येक वाक्याला ना ब्वायो लावायची. आई स्वयंपाक करते आहे वाटतं. आज बाजार आहे वाटतं. बाई हसून म्हणाल्या, "तुझी आई तुझ्यासमोर नाही का? मग वाटतं कशाला? सरळ सांग की." मला त्याचाही राग आला. रात्री मागच्या पानावर लिहिलं, 'आई कुठे असते याची चौकशी केली.'

मग जुलैत त्यांनी पत्ता मागितला. मला काहीतरी पाठवायचं होतं म्हणे.

झालं. आमच्या कॉलेजात सायबर गुन्ह्यांवर एक व्याख्यान झालं होतं, ते मला पाठ होतं. आधी गोड बोलणं, मग परदेशातून भेटवस्तू, मग विमानतळावरून फोन, की पार्सल अडकलंय, पैसे भरा. बाई बरोबर दुसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. नाही म्हणावं तर सराव बंद होणार, आणि सराव बंद म्हणजे पुणं बंद. म्हणून मी हो म्हटलं आणि आमच्या आळीची पद्धत वापरली. आमच्या आळीला घरनंबर धड नाहीत, म्हणून सगळ्यांचं टपाल मेन रोडवरच्या टेलर चाचांच्या दुकानात येतं. पोस्टमन तिथं गठ्ठा ठेवतो, चाचा शिलाई मशीनच्या खणात जपून ठेवतात, आणि जो तो येता-जाता आपलं घेऊन जातो. बाईंना मी तो पत्ता दिला. मग तडक चाचांकडं गेले.

"चाचा, माझ्या नावानं परदेशी काही आलं तर घ्यायचं न्हाई. वापस पाठवायचं."

चाचांनी टेपवरून मान वर केली. "काहून बेटा? काही तकलीफ?"

"काही न्हाई. फक्त घ्यायचं न्हाई."

"न्हाई म्हणजे न्हाई," चाचा म्हणाले आणि पुन्हा कापडावर खडू फिरवायला लागले. चाचांचा शब्द म्हणजे टाचलेलं कापड. उसवत नाही.

पार्सल काही आलं नाही. ऑगस्ट गेला, सोयाबीन निघालं, दिवाळी झाली. मधे मला टायफॉईड झाला आणि मी पंधरा दिवस अंथरुणात होते. बाईंनी रोज सकाळी पाच मिनिटांची बातमी सावकाश वाचून तिचं रेकॉर्डिंग पाठवलं. उत्तर मागितलं नाही. तापात मला अर्धं कळायचं नाही, तरी मी ऐकत पडायची. आई म्हणायची, "काय गोड आवाज हाय बाईचा. लाव पुन्हा." मागच्या पानांवरचं लिहिणं कधी थांबलं ते मला आठवत नाही. आणि चाचांना सांगितलेलं मी साफ विसरून गेले.

डिसेंबरच्या शेवटी बाई बदलल्या. एका सकाळी फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला, पण जेवलीस का विचारलं नाही. दोन वाक्यं दुरुस्त केली आणि काम आहे म्हणून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी लिहून कळवलं की काही दिवस जमणार नाही. मुलाखतीला अठरा दिवस उरले होते.

माझं डोकं तापलं. मी वही उलटी केली आणि मागच्या पानावर रागानं लिहिलं, 'शेवटी खरं रूप दाखवलं.' बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्या म्हनलो व्हतो ना. फुकटचं माणूस असंच अर्ध्या रस्त्यात उतरतं." आम्हा बापलेकीला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे सांगायला आता लाज वाटते.

दोन दिवसांनी मुलाखतीसाठी कुर्ता आवळायला चाचांकडं गेले. खांद्याचं माप घेता घेता चाचा म्हणाले, "बेटा, तुझं काम बराबर केलं बरं का. मागल्या आठवड्यात फॉरेनचा डबा आल्ता. पोस्टमन म्हनला, ठेवून घ्या. म्या म्हनलं, पोरीनं न्हाई म्हनून सांगितलंय. त्यानं तिथंच नकार लिहिला आन् घेऊन गेला."

 मोबाईलवर पार्सल कुठं पोचलं ते पाठवणाऱ्याला दिसतं, हे मला ठाऊक होतं. बाईंनी ते पाहिलं असणार. पार्सल हरवलं नाही, पत्ता चुकला नाही. ज्या पोरीला रोज सकाळी जेवलीस का विचारलं, तिनं घ्यायला नकार दिला.

चाचा शाबासकीची वाट बघत होते. मी म्हटलं, "बरं केलं चाचा," आणि बाहेर येऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं.

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. देयो लावायचं. दुकानदारानं चुकून परत पाठवलं म्हणे. पोस्टात घोटाळा झाला म्हणे. बाई विश्वास ठेवतील, सराव सुरू होईल, पुणं हातात राहील. मी ते वाक्य लिहिलंसुद्धा, एकही चूक न करता. मग ते वाचलं आणि पुसलं. जिनं मला तापात बातम्या वाचून दाखवल्या, तिलाच फसवायला मी तिनं शिकवलेलं वापरत होते.

खरं लिहायला मला दोन तास लागले. जुलैत मला तुमचा संशय आला. तुमचं तोंड मी पाहिलं नव्हतं. टेलरला मीच सांगितलं होतं की घेऊ नका, आणि तुमच्यावर विश्वास बसला तेव्हा त्याला पुन्हा सांगायचं विसरले. चूक माझी आहे. एका वाक्यालाही मी वाटतं लावलं नाही. पाठवलं आणि मोबाईल पिठाच्या डब्यावर उलटा ठेवून दिला.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या सकाळी साडेसहाला बाईंचाच फोन आला, आणि पहिल्यांदा पडद्यावर माणूस दिसलं. आखूड पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, मागं दोरीला टांगलेल्या लसणाच्या जुड्या. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "माझ्या मुलानं सांगितलं होतं, भारतातून कुणी फुकट बोलायला बोलावतं म्हणजे फसवणूक असते. तोंड दाखवू नकोस. मी सहा महिने त्याचं ऐकलं."

 तिकडं बाई माझ्यावर लक्ष ठेवून होत्या, इकडं मी त्यांच्यावर. हसावं की रडावं मला कळेना. आई मागून डोकावून म्हणाली, "विचार त्यान्ला, जेवल्या का?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "तीन दिवस धड नाही."

मुलाखतीपर्यंत आम्ही रोज दीड तास बोललो, तोंड बघून. मुलाखत झाली आणि चार दिवसांनी पुण्याचं बोलावणं आलं. बाबांनी ते पत्र उजेडात धरून शिक्का खरा आहे का ते पाहिलं.

मार्चमध्ये बाईंनी कळवलं की पार्सल फिरून त्यांच्याकडं पोचलं आणि त्यांनी ते पुन्हा पाठवलंय. मी चाचांकडं धावले. "चाचा, आता आलं तर घ्यायचं."

चाचांनी मशीन थांबवलं. "आज म्हनती घ्या, उद्या म्हनशील काहून घेतलं. लिहून दे."

मी पावतीच्या मागं लिहून दिलं आणि खाली सही केली. चाचांनी ती चिठ्ठी खणात ठेवली.

पार्सल आलं तेव्हा ते मी दुकानातच फोडलं. पोस्टमनचा नकाराचा कागद तसाच चिकटलेला होता, वर फक्त पत्त्याची नवी पट्टी. आत एक जाड वही. जुलैपासून मी बोलताना चुकलेलं प्रत्येक वाक्य बाईंनी हातानं लिहून काढलं होतं, तारखेसह, आणि खाली निळ्या शाईत दुरुस्त केलं होतं. वही भरायला पाच महिने लागले, म्हणून पार्सल डिसेंबरात निघालं होतं. मी माझ्या वहीतली 'पुरावा'ची पानं डोळ्यांपुढं आणली. तारखा दोघींनी त्याच लिहिल्या होत्या.

आईनं एकच गोष्ट धरून ठेवली. आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, साखरेची चिमूट तरी घालतात. "आन् तू तर भरला डबा माघारी लावलास," ती म्हणाली. तिनं मामाच्या वावरातली यंदाची हळद दळून आणली. चाचांनी डब्याला पांढरं मांजरपाट घातलं आणि जाड दोऱ्यानं बारीक टाके घालत शिवायला घेतलं. मी कापडावर पेनानं बाईंचा पत्ता लिहिला, त्यांच्या लिपीत.

चाचा शेवटची गाठ मारता मारता थांबले. "बेटा, तिकडं कुणी म्हनलं, न्हाई घ्यायचं, तर?"

हळदीचा वास दुकानभर सुटला होता. बाईंचा मुलगा घरी असेल का, दार कोण उघडेल, मला काही ठाऊक नव्हतं. पाहिलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं.

"घेतील," मी म्हटलं.