खिडकीतले पाच ग्लास

विलास गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याच खिडकीतल्या ग्लासातला चहा बदलत होते. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. नेरच्या एका नव्या दवाखान्यात काम मागायला तो पहिल्या एसटीने निघाला होता. स्टँडवर उतरला, बाकावर बसला आणि... एवढंच. माझा धाकटा भाऊ, वय सेहेचाळीस.

विलास दातांच्या प्लेटा बनवायचा. तारा काढल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून पारदर्शक प्लास्टिकची प्लेट घालतात, ती. यवतमाळात आमच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं त्याने हेच केलं. दहातली आठ कामं एकाच डॉक्टरांची. गेल्या वर्षी एका मुलीची प्लेट दोन महिन्यांत पिवळी पडली. ती प्लेट घालूनच दोन्ही वेळचा चहा प्यायची. काढून ठेवायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या वडिलांनी आवाज चढवला, तेव्हा डॉक्टरांनी विलासला बोलावून भरल्या वेटिंग रूममध्ये सांगितलं की हा हलका माल वापरतो. मग तेच दुसऱ्या दवाखान्यांतही सांगितलं. कामं थांबली.

मी भांडायला निघाले, तर त्याने मलाच अडवलं. "बोलून काय होते, ताई? त्याले दाखवाचं." प्लेटा ज्या प्लास्टिकच्या शीटमधून कापायचा, त्याच शीटचे पाच तुकडे त्याने खिडकीत मांडलेल्या पाच ग्लासांत टाकले: पाणी, चहा, कॉफी, काळं कोल्ड्रिंक आणि हळदीचं दूध. रोज सकाळी ताजं भरायचं. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून नोंदी माझ्याकडे. दर रविवारी रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड लावून मी प्रत्येक तुकडा ताडून पाहायचे. पाण्यातला जागचा हलला नाही. चहाचा दोन घरं उतरला, कॉफीचा तीन. हळदीच्या दुधातला तर कार्डातच मावेना. कोल्ड्रिंकच्या तुकड्याचा रंग तसाच होता, पण अंगठा फिरवला की खरखर लागायची. विलास हसला. "हा डॉक्टरसाहेबासारखा. वरून गोरा."

तेरा रविवार पुरे झाले की वही घेऊन जायचं ठरलं होतं. अकरा झाले होते.

तेरवीला डॉक्टर आले. मोठा गुणी माणूस होता, म्हणाले. मी चहा पुढे केला. त्यांनी खिशातून डबी काढली, तोंडातली प्लेट अलगद डबीत ठेवली आणि मगच कप उचलला. प्लेट काचेसारखी स्वच्छ होती.

"विलासनंच बनवली ना?" मी विचारलं.

"हो. दोन वर्षं झाली."

मी चहातला पिवळा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला. "शीट हीच. काढून ठेवायचं तुम्हाला ठाऊक होतं. त्या मुलीला काहून नाही सांगितलं?"

"मॅडम, ही वेळ आहे का?"

"तुमची वेटिंग रूम भरलेली होती. माझी बैठकही भरलेली आहे."

चहा तसाच टाकून ते उठले. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्या वेटिंग रूममध्ये येते, म्हणूनच इथे लिहिते आहे. तिथे बसलेल्यांनी एवढं करावं: पाण्याशिवाय काहीही पिताना प्लेट काढून ठेवावी, आणि आत गेल्यावर विचारावं की हे आम्हाला आधी का नाही सांगितलं.

राहिलेले दोन रविवार मी एकटीने पुरे केले. तरी ग्लास उचलले नाहीत. रोज सकाळी आधी विलासचा चहा बदलते, मग माझा कप भरते. परवा डॉक्टरांचा निरोप आला, झालं गेलं विसरू, एकदा घरी येऊन बोलतो... या म्हटलं. खुर्ची मी खिडकीसमोर ठेवली आहे.