रात्री एकचा मंगळवार

"काकू, परत एकदा चुका ना. रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

रोहन सर हसत म्हणाले. मी काचेच्या केबिनमध्ये, फिरत्या खुर्चीच्या टोकाला बसलेली. हातात त्यांचा मोबाईल. माझं बोट जिथे पडेल ते समोरच्या मोठ्या टीव्हीवर दिसत होतं. काचेपलीकडे पोरंपोरी कॉफीचे कप घेऊन उभी. मी त्या ऑफिसात सफाईची मुकादम. सकाळी मीच पुसलेल्या काचेला नाकं लावून ती मला बघत होती.

मग मी चुकले. झकास चुकले. चार डोळे बघायला असले की माझ्या अंगात येतं. कपाळावर हात मारला, डोळे गरगर फिरवले, मोबाईलला "मुडद्या" म्हटलं. बाहेर हशा. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. वाटलं, चला, जमलं.

काय चुकलं ते सांगते. आमची कंपनी कॅलेंडर बनवते. भिंतीवरचं नव्हे. मोबाईलवर तिकीट काढताना, दवाखान्याची वेळ घेताना तारखांच्या चौकटी उघडतात ना, ते. जगातल्या सगळ्या भाषांसाठी ते वेगवेगळं शिवतात, शिंपी माप घेऊन शिवतो तसं. अरबांसाठी अख्खा महिना उजवीकडून डावीकडे फिरवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. एखाद्या देशात आठवडा सोमवारी सुरू होतो, तर तिथे रविवार उचलून पार शेवटी नेऊन बसवतात. मराठी कॅलेंडर तयार झालं तेव्हा पहिली पारख आम्हा सफाईच्या बायांवर करायची ठरली. रात्रपाळीची घरी सोडणारी गाडी आता त्याच्यावरून आदल्या दिवशी बुक करायची. आधी आम्ही शेजारच्या नेरे गावच्या ड्रायव्हरला तोंडी सांगायचो, तो यायचा. ते बंद.

मला सांगितलं होतं, मंगळवारी रात्री एकची गाडी बुक करा. मी मंगळवार दाबला. मग रात्र. मग एक. टीव्हीवर चूक दाखवणारी लाल फुली.

"बारा वाजून गेले की बुधवार होतो, काकू!"

तुमच्यात होत असेल. आमच्या चांदे गावात मंगळवारची रात्र उजाडेपर्यंत मंगळवारचीच असते. मंगळवारचा उपास धरणारी बाई घड्याळात बारा वाजले म्हणून तवा चढवत नाही.

मी तसं बोललेही. रोहन सरांनी मान डोलावली. "माहितीये आम्हाला. पण सिस्टिम नियमाने चालते. तुम्ही सुधरा ना थोडं."

माहितीये. हा शब्द लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवला नव्हता.

मंदा माझी धाकटी जाऊ. रात्रपाळीला होती. बाकीच्या बाया जांबे गावच्या, त्या घोळक्याने चालत जातात. चांद्याला जाणारी ही एकटी. सोमवारी तिची सुट्टी, तेव्हा तिने दुसऱ्या दिवसाची गाडी बुक केली. मंगळवार, रात्र, एक. माझ्यासारखीच. लाल फुली फक्त आमच्या पारखीत होती, खरं बुकिंग बिनबोभाट झालं.

गाडी आली. बारानंतर मंगळवार लागला म्हणून सोमवारच्याच रात्री आली. रिकाम्या गेटसमोर उभी राहिली, आणि "प्रवासी गैरहजर" असं कळवून निघून गेली. मंगळवारी मंदा काम उरकून, कुलूप लावून बाहेर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी कुणी येणारच नव्हतं. तिला ते माहीत नव्हतं. गाडीसाठी फोन लावला तर यंत्र बोलत होतं. मागे कुलूप. पुढे रस्ता.

सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"आक्का, मी चालत आले."

"एकटी?"

"येकटी कुटं? एक गाडी व्हती की मागं. दिवं बंद. मी थांबले की थांबायची, चालले की चालायची."

त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी बिल्डरचे उंच पत्रे ठोकलेत. आत शिरायला जागा नाही, पळायलाही नाही. तेवढा सगळा रस्ता ती गाडी तिच्या मागे होती. वेशीपाशी वळून गेली.

"काय बोललं का कोन?"

"न्हाई. काच खाली क्येली नुस्ती."

काही झालं नाही, असं सगळे म्हणाले. घरचे म्हणाले, ऑफिसवाले म्हणाले. मंदाने काम सोडलं. आता ती भर दुपारीही कडी लावून बसते. गाडीचा आवाज आला की बोलता बोलता थांबते. त्या आवाजाला आमच्याकडे आता खंड नसतो.

तिच्या जागी रात्रपाळीला मी उभी राहिले. रोहन सरांना झालेलं सगळं सांगितलं. ते खरंच हळहळले. म्हणाले, "बायकांचं ट्रेनिंग घ्यायला हवं."

मग परदेशी पाहुण्यांसमोर कार्यक्रम झाला. मोठा हॉल, फुलं, माईक. मला नवी साडी नेसून यायला सांगितलं होतं. माझं काम ठरलेलं: आधी पडद्यावर माझी चूक दाखवायची, मग मी स्टेजवर जाऊन बरोबर करून दाखवायचं. शिकलेली काकू.

पडद्यावर मी आले. चार माणसांएवढी मोठी. कपाळावर हात मारणारी. हॉल खदखदून हसला. मी बाजूला उभी राहून बघत होते. मी अशी दिसते? माझ्या डोळ्यांसमोर त्या पत्र्यांमधली मंदा होती, आणि पडद्यावर तिचीच चूक नाचत होती, माझ्या तोंडाने.

पुढे रोहन सर जपानवर आले. अभिमानाने सांगू लागले. जपानमध्ये बार मध्यरात्रीनंतरही चालू असतो, तर तिथे रात्री एकला पंचवीस वाजले असं लिहितात. म्हणजे रात्र आदल्याच दिवसाची राहते. "आम्ही तसं करून दिलं. आम्ही वापरणाऱ्याची संस्कृती जपतो."

माझे कान तापले. येत होतं तर यांना. नुसतं माहीत नव्हतं, बनवून तयार होतं.

"आता आपल्या काकू!"

मी वर गेले. मोबाईल घेतला नाही. माईक घेतला.

"सर, जपानच्या पिनाऱ्याची रात तुमी मंगळवारात ठिवली. माज्या मंदाची बुधवारात का ढकलली?"

"काकू, त्यांनी मागितलं होतं."

"मी बी मागितलं. तुमी म्हनला, सुधरा. न्हाई सुधरत मी. ह्याला बोट लावनार न्हाई."

माईक खाली ठेवला. मग टाळ्या. कडकडून. त्यांना वाटलं, हेही बसवलेलंच आहे. एक गोरी बाई तर उठून उभी राहिली.

त्या टाळ्यांनी माझ्यातली नटी मेली. इतकी वर्षं हसवलं, म्हणून आता माझं रडणंही त्यांना करमणूक वाटतं, आणि माझा रागही.

काल ऑफिसच्या मॅडमनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, "बुकिंग कॅलेंडरवरूनच करायचं. नाहीतर कॉन्ट्रॅक्टरला दुसरी बाई पाठवायला सांगू. विचार करा, काकू."

केला विचार. दुसरी बाई येईल, तीही आमच्यातलीच असेल, आणि तीही मंगळवारच दाबेल.

आज मंगळवार. मी बुकिंग केलेलं नाही, मॅडमना तोंडी वेळ सांगितली आहे, सगळ्यांसमोर: मंगळवार, रात्री एक. जांब्याच्या बायाही थांबणार आहेत. काम संपेल, दिवे चालू राहतील, आणि आम्ही त्या काचेच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्च्यांवर, नीट मागे टेकून बसू. ठरल्या वेळी दाराला कुलूप लागलं नाही की सगळ्या साहेबांच्या उशाशी मोबाईलवर घंटी वाजते. चाव्या माझ्या कमरेला आहेत. गाडी दारात लागेपर्यंत घंटी वाजत राहील.