भोपळा टांगून पाहिलेली घरं

मिरजेत तंबोरे करणारे पुष्कळ, पण घर बघायला जाताना खांद्यावर भोपळा घेऊन जाणारा एकटा याकूब. घरमालक बिचारा दारात उभा राहून "या, बसा, चहा टाकायला सांगतो" म्हणायचा आणि हा गडी सरळ आत घुसून तुळयांकडं बघायला लागायचा. खिळा दिसला की तिथं तो वाळका, पोकळ, घागरीएवढा भोपळा सुतळीनं टांगायचा आणि म्हणायचा, "आठ दिस राहू दे. मग बोलू."

आठ दिवसांनी यायचा, कान लावून भोपळ्यावर टिचकी मारायचा. ठणठणीत वाजला तर घर कोरडं. बद्द वाजला तर भोपळा काढून चालू लागायचा, चहासुद्धा घ्यायचा नाही. ओली हवा भोपळ्याला माणसाआधी कळते, ही त्याच्या बापाची शिकवण, आणि तीस वर्षं तंबोरे करून त्यालाही ती पटलेली.

लोकांची फुकटची करमणूक झाली. "याकूबभाई, घर घेताय का भोपळ्याचं लगीन जमवताय?" असं चहाच्या गाड्यावर विचारायचे. हसा लेकांनो! तुमच्या घरात नऊ वर्षांची पोर श्वासासाठी खिडकीचे गज धरून उभी राहिली असती म्हणजे कळलं असतं.

ती पोर म्हणजे परवीन, याकूबची एकुलती एक. तीन लेकरं जाऊन उरलेली. याकूबचं भाड्याचं घर ओढ्याकाठच्या सखल गल्लीत होतं, पुढच्या खोलीत तंबोऱ्यांचा कारखाना आणि मागं संसार. पावसाळ्यात भिंती कमरेएवढ्या ओल्या व्हायच्या आणि पोरीची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागायची. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात तिला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दिवाळीच्या सुमाराला डॉक्टरांनी चष्मा काढून स्पष्टच सांगितलं, "पुढचा पावसाळा या घरात काढू नका. काढलात तर माझ्याकडं आणून उपयोग व्हायचा नाही."

त्या दिवसापासून याकूबच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. आणि गडी कसला चिकट! पुराचं तो घरमालकाला कधी विचारायचाच नाही. मालकाला विचारलं तर पाणी नेहमी शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंतच आलेलं असतं. तो आधी शेजाऱ्याला गाठायचा. कोयनेच्या भूकंपाला सहा वर्षं उलटली होती, भेगा लोकांनी चुन्यानं बुजवून टाकलेल्या. हा नखानं चुना खरवडून बघायचा. दुष्काळात आडाला पाणी किती होतं, हे तो पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचा आणि शिव्या खायचा. एवढं सगळं जमलं तरच भोपळा टांगायचा. चैत्र संपेपर्यंत सहा घरं त्यानं नापास केली.

"आवं, तुमाला घर पाहिजे का जन्नत?" मेहरुनबी, त्याची बायको, वैतागून म्हणाली. "पाऊस काय तुमच्या भोपळ्यासाठी थांबणार हाय?"

"थांब जरा. घाईनं लाकूड चिरलं की तंबोरा फाटतो."

"मी पोरीचं बोलतीया, तंबोऱ्याचं न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी थापायला वळली. तिचं खरं असायचं, हे त्यालाही ठाऊक होतं, पण कबूल करायची सवय नव्हती.

वैशाखात नानासोचं घर निघालं. नानासो बाजारातला अडत्या, गोड बोलणारा माणूस. घर दगडी, उंचवट्यावर, भूकंपाची एक भेग नाही, आडाला बाराही महिने पाणी. मागच्या भिंतीला लागून विडीच्या तंबाखूची वखार होती. नानासोनं ती लपवली नाही, उलट स्वतःच दाखवली. आणि इथंच आपला शहाणा गडी फसला. दुसरा कुणी असता तर वखार बघून दोन पावलं मागं सरला असता. याकूबचा चेहरा मात्र उजळला. अरे, तंबाखूवाला! तो भिंतीला ओल ठेवील का? ओलीनं त्याचा माल कुजेल. म्हणजे हे घर कोरडं असल्याची जामीनकीच की!

भोपळा टांगला. त्या आठवड्यात वखारवाल्याच्या घरी लग्न होतं, वखारीला कुलूप. आठ दिवसांनी याकूबनं टिचकी मारली आणि भोपळा असा वाजला म्हणता, की नानासोही चमकून वर बघायला लागला. याकूबनं तिथल्या तिथं नानासोच्या हातावर हात मारला. "ठरलं. शब्द दिला."

घरी येऊन त्यानं मेहरुनबीला इतकं रंगवून सांगितलं, की तीही हसली. मग म्हणाली, "बरं झालं. उद्या पोरीला घिऊन जाऊ. बसू द्या तिला तिथं दिसभर."

"कशाला? भोपळा वाजला की."

"भोपळ्याला दमा न्हाई हो," ती म्हणाली. "माझ्या पोरीला हाय."

दुसऱ्या दिवशी तिघं गेली. वखारीचं कुलूप निघालं होतं. आत दहा-बारा बायका तंबाखू चाळत होत्या, आणि भिंतीच्या वरच्या झरोक्यातून पिवळट धूळ उन्हात तरंगत घरात उतरत होती. बारीक, बघायला छान. याकूबला पहिली शिंक आली तेव्हाही त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. शेजारची बनुबाई नाकाला पदर बांधून अंगण झाडत होती. मेहरुनबीनं तिला विचारलं, "रोजच असतंय का हे?"

"रोज? आगं बाई, आमी तर आता बिनतंबाखूच्या शिंका इसरलो," बनुबाई म्हणाली. "लाल डोळं बघ की माझं. तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कुणी सांगायचं? विचारलं कुणाला होतं? सहा घरांच्या शेजाऱ्यांना छळणारा हा माणूस सातव्याच्या शेजाऱ्याकडं गेलाच नव्हता. भिंतीपलीकडचा तंबाखूवाला बघून त्याला आणखी कुणाला विचारायची गरजच वाटली नव्हती.

तेवढ्यात आतून श्वास अडकल्याचा तो ओळखीचा आवाज आला. परवीन जमिनीवर दोन्ही हात टेकून बसली होती, ओठ काळेनिळे, डोळे मोठे. तिला ओरडताही येत नव्हतं. याकूबनं तिला उचललं आणि तो पळत सुटला. पायात चप्पल नाही, डोक्यावर टोपी नाही. पन्नाशीला आलेला माणूस दवाखान्यापर्यंत पळत गेला, आणि वाटेत सगळा वेळ एकच म्हणत होता, "मीच आणलं, मीच आणलं."

पोर वाचली. दोन दिवसांनी घरी आली. मेहरुनबी त्याला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्यानं नानासोला जाऊन सांगितलं, "शब्द मोडतोय. काय बोलायचं ते बोला." नानासो बरंच बोलला, चारचौघांत बोलला. याकूबनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मिरजेत त्याच्या शब्दावर लोक दोन-दोन वर्षं तंबोऱ्याची वाट बघायचे, त्या माणसानं!

मृग आठवड्यावर आला होता. आता याकूबनं भोपळा घरी ठेवला आणि परवीनला बरोबर घेतलं. घर दाखवायला कुणी आलं की आधी पोरीला म्हणायचा, "जा, खेळ." ती अनोळखी पोरांत जाऊन ठिकरी खेळायची आणि हा कट्ट्यावर बसून तिच्या श्वासाकडं कान देऊन असायचा. दोन घरांतून तो तासाभरात उठला.

तिसरं घर लालासाहेबांचं. ते पलटणीतून हवालदार होऊन आलेले, आता पोराकडं पुण्याला निघालेले. घर गावाबाहेर चढावर, माळावर. लालासाहेबांनी दारातच सांगून टाकलं, "याकूबभाई, खोटं बोलणार न्हाई. नळ न्हाई. पाणी खालच्या हिरीवरनं आणाया लागतंय. इंचू निघत्यात. आन वारा तर असला, की जेवताना ताट धरून बसावं लागतंय."

याकूबनं घर पाहिलं. चारी बाजूंनी खिडक्या, सकाळपासून ऊन. त्याला लगेच कळलं, इथं तंबोरा टिकायचा नाही. उन्हाळ्यात लाकूड तडकेल, पावसात वारा झड घेऊन आत येईल. तीस वर्षांचा त्याचा धंदा त्याला ओरडून सांगत होता, ऊठ इथनं. बाहेर परवीन त्या वाऱ्यात परकराचा शिडासारखा फुगा करून गोल गोल फिरत होती. दुपार झाली, चार वाजले. ती एकदाही खोकली नाही.

"घेतलं," याकूब म्हणाला.

"आवं, कारखान्याचं काय?" बरोबर आलेल्या मेहरुनबीनं विचारलं.

"कारखाना राहील जुन्या गल्लीत. भिंतीपासनं हातभर लांब मांडीन सगळं, पावसाळ्यात शेगडी पेटती ठेवीन. तंबोरं तिथं राहत्याल, आपण इथं राहू. मी जाऊन येऊन करीन."

त्या दिवसापासून मेहरुनबी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली.

मृगाच्या चार दिवस आधी ती माणसं माळावर राहायला गेली. याकूब रोज सकाळी दीड मैल उतरून कारखान्यात जायचा, संध्याकाळी दीड मैल चढून यायचा. शेगडीच्या धुरानं त्याचे डोळे झोंबायचे, दोन तंबोरे तरीही वाकडे झाले आणि गिऱ्हाइकांनी परत केले.

श्रावणातली गोष्ट. चार दिवस संततधार लागलेली. संध्याकाळी याकूब चढावर निम्म्यात आला आणि त्याची छाती भरून आली. वय झालं होतं, चढ उभा होता. खालच्या विहिरीवरून परवीन डोक्यावर छोटी कळशी घेऊन मागून आली, त्याला ओलांडून तरातरा पुढं गेली. वर जाऊन तिनं मागं वळून पाहिलं, पावसात ओलीचिंब, गाल लाल, आणि मोठ्यानं ओरडली, "अब्बा, दम लागला व्हय? बसा की जरा त्या दगडावर! पाणी ठेवून येती मी, मग हात धरून नेती."

आजवर 'दम लागला का, बस जरा' हे घरात फक्त तिला ऐकावं लागलं होतं. याकूब खरंच दगडावर बसला आणि रडायला लागला. पोर घाबरून धावत खाली आली, तरी त्याला थांबता येईना.